‘जर’, ‘तर’ आणि ‘म्हणून’ : तर्कशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी प्रस्तावना

पावसाळ्यात गोदावरी चढू लागली की नाशिककर एकमेकांना विचारतात, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? पायांना, गुडघ्यांना, कमरेला, छातीला, अशी या शहराची पूर मोजायची जुनी पट्टी आहे आणि क्युसेकच्या आकड्यांच्या जोडीने ती आजही चालते. घाटावर त्याच वेळी आणखी एक वाक्य कानी पडते : ‘पाणी चढलंय, म्हणजे गंगापूर धरणातून सोडलंय.’ तर्कशास्त्राचा अभ्यास मला या वाक्यापासून सुरू करावासा वाटतो. त्यात एक पुरा युक्तिवाद दडलेला आहे, आणि तो जसा मांडला आहे तसा टिकत नाही.

तो उलगडून लिहू. पहिले आधारविधान बोलणाऱ्याने गृहीत धरलेले आहे : धरणातून मोठा विसर्ग झाला, तर घाटावर पाणी चढते. दुसरे डोळ्यांसमोर आहे : घाटावर पाणी चढले आहे. निष्कर्ष : धरणातून मोठा विसर्ग झाला आहे. दोन्ही आधारविधाने खरी, निष्कर्षही पुष्कळदा खरा ठरतो. तरीही तो या आधारविधानांतून निघत नाही. पाऊस धरणाच्या खाली, थेट शहरावर कोसळला आणि ओढ्यानाल्यांचे पाणी पात्रात उतरले, तरी घाटावर पाणी चढेलच.

आता पहिले आधारविधान तेच ठेवून दुसरे बदलून पाहा. ‘मोठा विसर्ग झाला आहे’ असे म्हटले, तर ‘पाणी चढेल’ हा निष्कर्ष अटळ आहे. ‘पाणी चढलेले नाही’ असे म्हटले, तर ‘मोठा विसर्ग झालेला नाही’ हाही अटळ आहे. पण ‘विसर्ग झाला नाही, म्हणून पाणी चढणार नाही’ हे पुन्हा फसवे, आणि नदीकाठच्या माणसाला ते महागात पडणारे. चारही युक्तिवादांची भाषा सारखीच वाटते. त्यांतले दोन वैध आहेत, म्हणजे त्यांचा निष्कर्ष आधारविधानांतून अटळपणे निघतो; दोन अवैध. गंगापूर, गोदावरी, पाणी हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘क’ आणि ‘ख’ ही अक्षरे घातली, तरी हा निवाडा बदलत नाही. युक्तिवादाची वैधता त्याच्या आकारावर अवलंबून असते, विषयावर नाही. पुढच्या सगळ्या अभ्यासाचा पाया हाच आहे.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आधारविधाने खरी आहेत का, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर पाटबंधारे खात्यातला अभियंता देईल, इतिहासकार देईल, डॉक्टर देईल. ती खरी मानली तर निष्कर्ष मानणे भाग पडते का, हा दुसरा. त्याचे उत्तर तर्कशास्त्र देते. आपल्या सार्वजनिक वादांत या दोहोंची सतत सरमिसळ होते. निष्कर्ष आवडला की माणसे युक्तिवाद तपासत नाहीत. निष्कर्ष खुपला की आधारविधाने न वाचताच युक्तिवाद फेटाळतात.

नदीच्या पुराचे हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. भारतीय न्यायदर्शनात ते फार जुने आहे. या दर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतल्या ‘शेषवत्’ अनुमानासाठी, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाण्यासाठी, भाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उदाहरण नदीचेच आहे : पाणी वाढले, प्रवाह वेगवान झाला, यावरून वर पाऊस पडला असे कळते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात प्रतिपक्षी यावर आक्षेप घेतो. नदी पावसानेच फुगते असे नाही, प्रवाह अडवला गेला तरी ती फुगते. मग अनुमानाचा भरवसा काय? आपण गंगापूर धरणाविषयी विचारतो तीच ही शंका. उत्तरही वाचण्यासारखे आहे. नुसते ‘पाणी वाढले’ हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, अपुरा आहे, हे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, मान्य करतो. पावसाने आलेल्या पुराची खूण निराळी असते, असे तो म्हणतो : ओढ वाढते, फेस येतो, फळे, पाने, लाकडे वाहून येतात. अशा विशिष्ट खुणेवरून केलेले अनुमान ढळत नाही. ढळते ते निष्काळजी माणसाचे अनुमान.

इथे नाशिकच्या वाचकाच्या मनात एक गोष्ट येईल. ब्रह्मगिरीवर गोदावरी आणणारे गौतम ऋषी, म्हणून नदीचे एक नाव गौतमी. आणि न्यायसूत्रांचे कर्तेही परंपरेने अक्षपाद गौतम. नाव सारखे आहे. पण सारख्या नावावरून माणूस एकच होता, असा निष्कर्ष निघत नाही. हा मोह आवरणे हीसुद्धा तर्कशास्त्राचीच शिस्त आहे.

या विषयाकडे विद्यार्थी वेगवेगळ्या वाटांनी येतात. कला शाखेत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. बारावीच्या गणिताच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचे आहे. संगणकाचे विद्यार्थी याच गोष्टी पुन्हा वेगळ्या चिन्हांनी शिकतात. शिवाय नोकरी, शेती, घर सांभाळून एकट्याने अभ्यास करणारे अनेक जण आहेत. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर गंगापूर धरणाजवळच आहे. ही प्रस्तावना लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर जास्त करून हे एकट्याने शिकणारे आहेत.

विधानीय तर्कशास्त्र हा पहिला टप्पा. त्यात अख्खे विधान हे एकक असते आणि ‘नाही’, ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’, ‘तर आणि तरच’ यांनी विधाने जोडली जातात. जॉर्ज बूल यांनी १८४७ आणि १८५४ सालच्या ग्रंथांत विचारांच्या नियमांना बीजगणिताचे रूप दिले. त्यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ सालचा, मदुराईचा. ‘क आणि ख, दोन्ही खरे’ हे नाकारणे म्हणजे ‘निदान एक तरी खोटे’ असे म्हणणे, हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तुम्हाला पदोपदी लागेल.

विद्यार्थी अडखळतात ते ‘जर-तर’पाशी. पूर्वांग, म्हणजे ‘जर’चा भाग, असत्य असेल तर संपूर्ण विधान सत्य मानायचे, हे सत्यता कोष्टकात, म्हणजे घटक विधानांच्या सत्य-असत्यतेच्या सगळ्या शक्यता ओळीओळीने मांडणाऱ्या तक्त्यात, वाचले की मन कुरकुरते. कुरकुर रास्त आहे, म्हणून इथे थोडे थांबा. ‘विसर्ग झाला तर पाणी चढते’ असे मी तुम्हाला सांगितले. मला खोटे ठरवायला तुम्हाला काय दाखवावे लागेल? फक्त एकच परिस्थिती : विसर्ग झाला आणि पाणी चढले नाही. विसर्गच झाला नाही अशा दिवशी पाणी चढो वा न चढो, माझे विधान खोटे पडत नाही. कोष्टकाच्या चार ओळींपैकी एकच असत्य का, याचे उत्तर एवढेच आहे. रोजच्या बोलण्यातल्या ‘जर-तर’मध्ये कार्यकारणाची जी छटा असते ती यात येत नाही, हे मात्र खरे. ती सोडून दिल्यामुळेच हिशेब यांत्रिक होतो. तीन घटक विधाने असतील तर आठ ओळी, दहा असतील तर १०२४; ओळी वाढतात, पण उत्तर मिळणारच याची खात्री असते.

तरी या कोष्टकांना बरेच काही दिसत नाही. ‘सगळे घोडे प्राणी आहेत, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे’ हे उघड वैध आहे, पण विधानीय तर्कशास्त्राला ती केवळ दोन असंबद्ध अक्षरे दिसतात. विधानाच्या आत शिरून कोणाविषयी काय सांगितले आहे आणि ते ‘सर्वां’विषयी की ‘काहीं’विषयी, हे पाहावे लागते. ते साधन गॉटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये दिले. त्यालाच विधेय तर्कशास्त्र म्हणतात. त्याची ताकद एका साध्या वाक्यात दिसेल. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या नियोजनात कोणी म्हणाले, ‘प्रत्येक घाटावर एक जीवरक्षक असेल.’ याचा एक अर्थ असा, की कोणताही घाट घ्या, तिथे कोणी ना कोणी जीवरक्षक सापडेल. दुसरा असा, की एकच जीवरक्षक सगळ्या घाटांवर असेल. मराठी वाक्य दोन्ही अर्थ वाहते आणि ऐकणारा समजुतीने पहिला घेतो. चिन्हांत लिहिताना ‘प्रत्येक’ आणि ‘कोणीतरी’ यांचा क्रम ठरवावाच लागतो. क्रम बदलला की अर्थ बदलतो. दुसऱ्यावरून पहिला निघतो, पहिल्यावरून दुसरा निघत नाही.

या वाढीव ताकदीची किंमत मोजावी लागते. कोणताही युक्तिवाद दिला तरी तो वैध की अवैध हे ठरलेल्या पायऱ्यांनी नेहमी सांगेल, अशी पद्धत विधेय तर्कशास्त्रासाठी असूच शकत नाही, हे अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली स्वतंत्रपणे सिद्ध केले. इथे सिद्धता शोधावी लागते, सुचावी लागते.

न्यायदर्शन आणि आधुनिक तर्कशास्त्र यांच्यात चढाओढ लावू नका. फ्रेगे यांचे सगळे आपल्याकडे आधीच होते, असे म्हणणे चूक आहे. नैयायिकांना खऱ्या ज्ञानाची साधने हवी होती, म्हणून त्यांच्या पाच अवयवांच्या न्यायवाक्यात, म्हणजे युक्तिवादाच्या मांडणीत, उदाहरणाला जागा आहे आणि हेतू वस्तुस्थितीत खरा असावा लागतो. आकार वेगळा काढून तपासणे हे त्यांचे काम नव्हते. उलट, व्याप्ती, म्हणजे हेतू असेल तिथे निष्कर्षातली गोष्टही असतेच हा संबंध, कशी ठरते, हेतू कुठे फसतो, याची त्यांची छाननी आकारिक तर्कशास्त्रात सापडत नाही. ती वाचायला महाराष्ट्रात साधनेही आहेत. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आहे. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेला, महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ साली मुंबईत निघालेला अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ आहे. दोन्ही परंपरांना एकत्र पाहणारे सुरेंद्र बारलिंगे यांचे भारतीय तर्कशास्त्रावरचे १९६५ सालचे इंग्रजी पुस्तक तर विषय थोडा अंगवळणी पडल्यावर जरूर उघडा.

आता कागद-पेन्सिल घ्या. तर्कशास्त्र नुसते वाचून येत नाही, सोडवून येते. सुरुवातीला वर सांगितलेल्या चार युक्तिवादांची सत्यता कोष्टके स्वतः मांडा आणि अवैध दोहोंत नेमकी कोणती ओळ घात करते ती शोधा. मग उद्याच्या वर्तमानपत्रातला अग्रलेख घेऊन त्यातला एक ‘म्हणून’ निवडा आणि त्याच्या मागची न बोललेली आधारविधाने लिहून काढा.