प्रायश्चित्त आणि वेदी

मराठी बायबलाने वेदीवरील रक्तार्पणाच्या फलास ‘प्रायश्चित्त’ हा धर्मशास्त्रीय शब्द योजला, आणि त्याबरोबर एक अडचणही पत्करली. स्मृतींत प्रायश्चित्त पातक्याने स्वतः आचरावयाचे असते. लेवीयात ते याजक लोकांकरिता करतो. इब्री लोकांस पत्रात तर याजक व बळी दोन्ही ख्रिस्तच. ते अर्पण एकदाच घडले, म्हणून पशुबळी संपला.

वर्धा जिल्ह्यातील शेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी, १९३६ साली राहावयास आलेल्या गांधीजींचा आक्षेप नेमका येथेच होता. पापाच्या फळापासून नव्हे, पापापासूनच मुक्ती हवी, असे त्यांनी पूर्वी प्रिटोरियात एका प्लिमथपंथी ख्रिस्त्यास सांगितले होते. क्रूसावरील मरण त्यांना त्यागाचा आदर्श म्हणून मान्य होते. त्यातील गूढ तारकशक्ती नव्हे. परंतु पत्रकर्ताही त्या रक्ताने विवेकबुद्धी शुद्ध होते असेच म्हणतो, हे या वादात बहुधा निसटते.