संप्रेरक

दुपारी कुंडीतल्या मिरचीने माना टाकल्या की मी आधी पानाची मागची बाजू बघते. तिथल्या सूक्ष्म पर्णरंध्रांची दारं तेव्हा मिटत असतात. पाणी तुटलं की पान आपल्याच केशरी-पिवळ्या रंगद्रव्यापासून एक संप्रेरक घडवतं. ते दारं मिटवून उरलेली ओल राखतं. त्याचं नाव ॲब्सिसिक आम्ल.

‘संप्रेरक’ हा ‘हॉर्मोन’चा मराठी प्रतिशब्द. शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ रूढ केला, तो चालना देण्याच्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपल्या शब्दाचा अर्थही तसाच, त्यात ‘ईर्’, म्हणजे हलवणं, हा धातू आहे. ‘प्रेरणा’ त्याचीच लेक.

‘ॲब्सिसिक’ मात्र तोडण्याचा शब्द. लॅटिन ‘ॲब’ म्हणजे दूर, ‘स्किंडेरे’ म्हणजे फाडणं, कापणं. संस्कृत ‘छिद्’ त्याचा सख्खा भाऊ, म्हणून आपला ‘विच्छेद’ही त्याच घरचा. १९६३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ॲडिकॉट आणि सहकाऱ्यांना हे द्रव्य कपाशीच्या कोवळ्या बोंडांत सापडलं. ते बोंडगळ घडवतं असं वाटलं, म्हणून हे नाव. दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ वेअरिंग यांना सिकॅमोर झाडाच्या पानांत तेच गवसलं. झोपेच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्याला ‘डॉर्मिन’ म्हटलं होतं. १९६७ मध्ये तोडणारं नाव पक्कं झालं. पुढे कळलं, पानगळीचा मुख्य सूत्रधार इथिलीन वायू.

नाव तोडण्याचं, काम तगवण्याचं. आज त्याला ‘ताण-संप्रेरक’ही म्हणतात. मला हेच नाव खरं वाटतं.