कॅज्युअल्टीतला बचाव : दारापासून मनगटापर्यंत

लोकांशी रोज थेट गाठ पडणारे कर्मचारी म्हटले की एसटीचा कंडक्टर, वीजबिलाच्या वसुलीला जाणारा वायरमन, बँकेतला रोखपाल डोळ्यांपुढे येतात. त्यांना स्वसंरक्षण शिकवायचे म्हणजे चार डाव शिकवायचे, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा कसा, हे सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सर्वांत स्पष्ट दिसते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. सुरक्षारक्षकांची मागणी झाली. ती रास्तच होती. पण रक्षक धावत येतो तो प्रकरण हातघाईवर आल्यानंतर; खरा बचाव त्याआधीच्या दहा मिनिटांत होतो किंवा हुकतो.

अंगावर येणारा प्रत्येक माणूस एकाच कारणाने येत नाही. बहुतेकदा मुळाशी भीती असते. वडिलांच्या छातीत दुखतेय म्हणून रात्री दोनला त्यांना घेऊन आलेल्या मुलाला केसपेपर काढा, तिकडे थांबा, यापलीकडे कोणी काही सांगत नाही. तो तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा एक वाक्य पुरते : "ईसीजी काढलाय, डॉक्टर बघताहेत, दहा मिनिटांत मी स्वतः येऊन सांगते." आणि दहा मिनिटांनी सिस्टरने खरोखर जायला हवे, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी. दबाव आणणाऱ्याची गोष्ट वेगळी. "मी कोणाचा माणूस आहे, माहितीये का?" म्हणणारा पुरता भानावर असतो आणि भोवतीच्या गर्दीकडे त्याचे लक्ष असते. त्याच्याशी चारचौघांत हुज्जत घालू नये. नियम एकदाच, हळू आवाजात सांगावा आणि वरिष्ठांना बोलावून घ्यावे. तिसरी शक्यता सर्रास विसरली जाते : रुग्ण स्वतःच हात उगारतो. डोक्याला मार, रक्तातली साखर एकदम उतरणे, दारू अचानक बंद झाल्यावरचा भ्रम, यांपैकी काहीही असू शकते. "प्यायलाय" म्हणून बाजूला ठेवलेल्या माणसाची साखर आधी तपासावी. तिथे उपचार हाच बचाव.

येरझारा, आवळलेल्या मुठी, घट्ट जबडा, वरचेवर तेच वाक्य या खुणा मावशींनाही ओळखता येतात. माझ्या मते सर्वांत धोक्याची खूण म्हणजे चढलेला आवाज अचानक बंद होणे. तेव्हा समजावणे थांबवून अंतर वाढवावे.

अंतर हा या शास्त्राचा कणा आहे. समोरच्यापासून किमान दोन हात लांब, किंचित तिरके उभे राहावे. तळवे उघडे, छातीच्या उंचीवर. त्यात धमकी दिसत नाही आणि गरज पडली तर हात तयार असतात. त्याचीही वाट अडवू नये, कारण कोंडलेला माणूस जास्त जोरात येतो. बहुतेक कॅज्युअल्टींत डॉक्टरची खुर्ची भिंतीला टेकलेली, पुढे टेबल, त्यापुढे नातेवाइकांचा घोळका आणि त्यांच्या पाठीमागे एकुलते दार, अशी मांडणी असते. टेबल काटकोनात फिरवले की दार डॉक्टरच्याही हाताशी येते; त्याला खर्च नाही. टेबलावरची कात्री, किडनी ट्रे, पेपरवेट खणात जावेत. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ओढताच सुटणारी हवी आणि स्टेथोस्कोप खिशात.

मृत्यूची बातमी एकट्याने, कॉरिडॉरमध्ये, उभ्याउभ्या सांगू नये. दोघांनी मिळून, जवळच्या एक-दोन नातेवाइकांना बसवून, रुग्णाचे नाव घेऊन, साध्या शब्दांत सांगावे आणि मग थोडा वेळ गप्प बसावे.

एवढे करूनही हात पडला तर? मनगट धरले गेल्यास सरळ मागे खेचू नये. तिथे त्याची चारही बोटे आपल्याविरुद्ध जोर लावतात. पकड कमजोर असते ती अंगठा आणि बोटांची टोके भेटतात तिथे. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर पुढे घालायचे आणि अंगठ्याच्या दिशेने झटक्यात सोडवायचे. केस धरले तर दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा. ताण कमी होतो आणि मदतीसाठी ओरडायला सुचते. सुटल्यावर उलट ठोसा मारायचा नाही, दाराकडे जायचे. वर्षातून एकदा होणाऱ्या कराटे शिबिराचा मला भरवसा वाटत नाही. हे दोन डाव दर महिन्याला पाच मिनिटे आपसात करून पाहिले तरच वेळेवर आठवतात.

कायद्याचीही हीच दिशा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. पण बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर तो हक्क उरत नाही. हल्लेखोरासाठी महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १९ तर कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्यांपासूनही संरक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकते. तरी मार खाल्लेला डॉक्टर किंवा वॉर्डातले मामा रात्रपाळी संपवून एकटेच पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले दिसतात, हे मला अन्यायाचे वाटते. हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेतर्फे एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची असेल, असे केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी कळवले. खासगी दवाखान्यांनीही हाच नियम स्वतःहून लावून घ्यावा.

रुग्णालय चालवणाऱ्यांना एवढीच विनंती : आज रात्री कॅज्युअल्टीतल्या त्या खुर्चीवर दहा मिनिटे स्वतः बसा आणि तिथून दारापर्यंत किती पावले आहेत, वाटेत कोण उभे आहे, ते मोजा.