घोंगडी, शेरवानी आणि ब्लेझर

थंडीतल्या संध्याकाळच्या एका कार्यक्रमासाठी लेकाला ब्लेझर घ्यायचा म्हणून आमच्या सिरसाळ्याच्या गटात एकीने कर्ज मागितलं. तेव्हा आम्ही जुन्या पोशाखांचा विषय काढला.

1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबारात मानाचा पोशाख म्हणजे गळ्यापर्यंत बटणांची, गुडघ्यापर्यंत लांब शेरवानी. श्रीमंतांची शेरवानी औरंगाबादच्या हिमरूची, सूत आणि रेशीम एकत्र विणलेली. शेतकऱ्याच्या अंगात बंडी, कमरेला धोतर, डोक्याला पटका आणि थंडीला खांद्यावर घोंगडी. तीच रात्री पांघरूण, पावसात खोळ, आणि चार माणसं जमली की बैठक.

घोंगडीसाठी धनगर दख्खनी मेंढीची लोकर कातरत, बायका चरख्यावर सूत काढत, सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ लावून विणत. पुरुषाच्या खांद्यावरच्या उबेत असा बाईचा हात होता, पण तिचं नाव कुणी घेतलं नाही.

संस्थान भारतात आलं आणि दरबारी थाट गेला. सभा-समारंभात नेहरू शर्ट, पायजमा, पांढरी टोपी आणि जाकीट मानाचं झालं. म्हणजे मानाचा कपडा काळागणिक बदलतो. आज ब्लेझर, उद्या आणखी काही.

म्हणून आमच्या गटात ठरलं: इस्त्रीचा सदरा, साधी पँट, वर जाकीट किंवा स्वेटर, पायात पुसलेले बूट. एवढ्यात माणूस शोभतो. गटाचा पैसा बियाण्याला, शिक्षणाला, दवाखान्याला. एका संध्याकाळच्या ब्लेझरला नाही.