टीएमटीची कुळकथा

छातीत कळ येते म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो आणि ईसीजी ‘नॉर्मल’ निघतो. यात यंत्र चुकलेले नसते. हृदयाची धमनी अरुंद झाली, तरी बसल्या जागी लागणारे रक्त तिच्यातून बहुधा पोचते. तुटवडा पडतो तो जिना चढताना. लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये अंजायनाचे, म्हणजे अशा श्रमाने येणाऱ्या छातीतल्या कळेचे, वर्णन केले, त्यातही हेच आहे: चालताना, विशेषतः चढावर दुखते आणि थांबले की दुखणे थांबते.

ते दुखणे कागदावर उमटायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्सच्या लायडन शहरात विलेम आइन्टहोव्हेन यांनी ईसीजीचे यंत्र सिद्ध केले. मग १९२८ मध्ये क्लीव्हलंडच्या फाइल आणि सिगल या डॉक्टरांनी अंजायनाच्या रुग्णांना मुद्दाम श्रम करायला लावले आणि कळ येत असतानाच आलेख काढला. आलेखातला ‘एसटी’ भाग बदलला. दुखणे ओसरल्यावर पूर्ववत झाला. टीएमटीचा, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढण्याच्या चाचणीचा, खरा जन्म इथलाच मानायला हवा.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आर्थर मास्टर यांनी दोन पायऱ्या चढण्या-उतरण्याची चाचणी आणली. सुरुवातीला त्यात फक्त नाडी आणि रक्तदाब मोजत. ईसीजीची जोड नंतर मिळाली.

सिअ‍ॅटलचे रॉबर्ट ब्रूस यांनी रुग्णाला फिरत्या पट्ट्यावर चालवले आणि चालतानाही आलेख चालू ठेवला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पद्धत आजही जगभर वापरात आहे. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढाने होते. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. एसटीची रेघ एक मिलिमीटर किंवा अधिक खाली जाऊन आडवी किंवा उतरती राहिली, तर रक्तपुरवठा कमी पडत असल्याचा संशय येतो. पण नुसत्या रेघेवर निकाल देणे अन्यायाचे. रुग्ण किती मिनिटे चालला, छातीत दुखले का, रक्तदाब वाढायचा तो उतरला का, हेही तितकेच बोलके असते. स्त्रियांमध्ये तर धमन्या मोकळ्या असूनही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येण्याचे प्रमाण जास्त असते. पुढे १९७० च्या दशकात थॅलियमचे किरणोत्सारी चित्रण आले. त्यातून रक्त नेमके कुठे कमी पोचते ते दिसू लागले.

मात्र स्वस्थ बसले असतानाही छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल, तर टीएमटीची वेळ घेत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.