जाधव, सुंदराबाई

(सु. १८८५–१९५५). बैठकीची लावणी, गझल, दादरा व भजन या प्रकारांत निपुण असलेल्या पुण्याच्या गायिका. ‘बाई सुंदराबाई’ या नावाने त्या रसिकांत ओळखल्या जात.

लावणी म्हटली, की सामान्यतः फडाची लावणी डोळ्यांपुढे येते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे मोठे केंद्र होय. तेथील भाऊ-बापू नारायणगावकर यांचा फड विशेष गाजला. सुंदराबाईंची लावणी याहून निराळी. तबला, सारंगी व पेटी यांच्या साथीने ती बसून, संथ लयीत गायिली जाते. नृत्याची जागा मुद्राभिनय व हातांच्या हालचाली घेतात आणि एकच ओळ निरनिराळ्या स्वरसंगतींतून पुनःपुन्हा मांडून तिच्या अर्थच्छटा उलगडल्या जातात. ठुमरीशी तिचे जवळचे नाते आहे.

मराठी रंगभूमीवरील त्यांचा ठसा अप्रत्यक्ष, परंतु खोल आहे. राम गणेश गडकरी यांचे एकच प्याला हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे रंगभूमीवर आणले. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. सिंधूच्या काही पदांसाठी सुंदराबाईंनी आपल्या संग्रहातील चिजांच्या चाली बालगंधर्वांना दिल्या. स्वयंवर (१९१६) या नाटकातील भास्करबुवा बखले यांच्या रागदारी चालींच्या मानाने या चाली सुटसुटीत व भावप्रधान होत्या आणि मद्यपी पतीच्या संसारात होरपळणाऱ्या सिंधूला त्या चपखल बसल्या. पदे घरोघरी पोहोचली, ती मात्र बालगंधर्वांची म्हणून. नाट्यसंगीताच्या इतिहासात बैठकीच्या गायिकांचे हे ऋण बहुधा एका वाक्यात आटोपले जाते. ते न्याय्य नव्हे.

सुंदराबाईंचे स्वतःचे गाणे उरले आहे ते ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांत. लाखेच्या या तबकडीच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचेच गायन मावे. बैठकीत सावकाश फुलणारी लावणी त्यामुळे आटोपशीर करावी लागे. मुद्राभिनय तर तबकडीत उतरणे शक्यच नव्हते. त्याची उणीव शब्दांची फेक, मुरक्या आणि क्षणभराचा विराम यांनी भरून काढावी लागे आणि सुंदराबाईंना ते साधले. अशा तबकड्या आज मुख्यतः खाजगी संग्राहकांकडे आढळतात.

मुंबई नभोवाणीवरूनही त्यांचे गायन होत असे. व्ही. शांताराम यांच्या माणूस (१९३९) या प्रभातच्या चित्रपटात त्यांनी नायक गणपत हवालदाराच्या आईची भूमिका केली. आदमी या त्याच्या हिंदी आवृत्तीतही त्या आहेत आणि तीत त्यांनी भजनही गायिले आहे. तबकडीतून निसटलेली त्यांची मुद्रा आवाजासह पाहावयास मिळते ती येथे.