तारेवरची साथ

१८५५ साली पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार बर्लिओझ याने सुमारे बाराशे गायक-वादक एकत्र बसविले. एवढ्या विस्तीर्ण ताफ्याला एका लयीत कसे बांधावयाचे? त्याने विजेच्या मात्रामापकाची तार पाच उपसंचालकांपर्यंत नेली. उजव्या हाताची छडी वाद्यवृंदासाठी, तर डाव्या हाताच्या बोटाचा दाब त्या तारेसाठी! दूरस्थांना एका तालात आणण्यास वीज अशी कामी आली.

पुढे तार खोलीबाहेर, देशाबाहेर गेली; अडचण मात्र तीच राहिली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे क्रिस चेफ आणि त्यांचे सहकारी यांनी दोन माणसांना वेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांची लय धरावयास लावली. २००४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मोठा मौजेचा आहे. ध्वनीस सेकंदाच्या सुमारे साडेअकरा सहस्रांशाहून अधिक उशीर झाला की लय रेंगाळते. कमी झाला तर ती चढते! एवढ्या अवधीत हवेतील ध्वनी जेमतेम चार मीटर जातो. म्हणजे बैठकीतले अंतरच म्हणावयाचे.

यावर दोन तोडगे निघाले. २००६ साली जर्मनीतील फोल्कर फिशर यांनी सुरू केलेली ‘जॅम्युलस’ ही आज्ञावली उशीर शक्य तितका घटविते. २००५ मधील ‘निंजॅम’ने उलटाच मार्ग धरला: उशीर वाढवून तो पुरते एक आवर्तन केला. प्रत्येकास इतरांचे मागील आवर्तन ऐकू येते. युक्ती चतुर खरी. पण गायक समेवर येतो तेव्हा त्याला मिळणारी तबल्याची साथ गेल्या आवर्तनातली असते. अशाने सवाल-जबाब कसा रंगावा?

२०२० च्या महासाथीत गुरु-शिष्यांची ताटातूट झाली, तेव्हा हा प्रश्न घरोघर पोहोचला. संभाषणासाठी घडविलेल्या आज्ञावल्या तंबोऱ्याचा अखंड नाद गोंगाट समजून दाबून टाकीत. त्यावर उपाय होता, अंतरावर नव्हता. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. तेव्हा एका फेरीलाच साठाहून अधिक सहस्रांश लागणार. म्हणून गुरूने आलाप घेऊन थांबावयाचे, मग शिष्याने तो म्हणावयाचा, आणि तंबोरा ज्याचा त्याने आपल्याच खोलीत लावावयाचा, अशी शिकवणी चाले. दोघांनी मिळून सूर लावणे पुढील भेटीपर्यंत तहकूब राही.